सदूच्या नावाची फळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून असायचो, जिभेवर यायचं, आणि परत गिळायचो. मुलांपाशी तर नाहीच. त्यांना बाप सरळ माणूस वाटतो, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. की तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून? — तेही असेल.

कुठून सुरू करू? स्वतःपासून करतो, ते सोपं जातं. मी दस्तगीर, बारामतीचा. बाप टांगा हाकायचा. मी मोटार हाकली, आधी लष्कराची, मग इंदापूर रस्त्याला मालाची लॉरी. मराठी शाळेत सातवी झालो, आणि त्याच्याही आधी मशिदीत मौलवीसाहेबांच्या छडीखाली अलिफ-बे गिरवलं. हे अलिफ-बे मुद्दाम सांगतोय. पुढं त्याच्याच जोरावर मी खोटं बोललो.

सदू कळंबचा. सदाशिव नाव, पण सदाशिव त्याला फक्त हजेरीला म्हणायचे. लढाईच्या काळात आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो आणि एकाच लॉरीवर आलो. मी चालवायचो, तो शेजारी. बैलांचं त्याला सगळं कळायचं, मोटारीचं काही नाही. गाडी चढावर दमली की तो डॅशबोर्डावर थोपटायचा, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. संध्याकाळी वाळवंटात बसून म्हणायचा, आता आई गोठ्यात आसंल. आता चूल पेटवली आसंल. घरी म्हातारी आई, वडील केरबा तो लहान असतानाच गेलेले, आणि निघायच्या आधी जेमतेम लग्न लागलेली बायको, हौसा. हौसाबद्दल तो कमी बोलायचा, लाजायचा. आईबद्दल मात्र थांबायचा नाही.

आम्ही मिसरात होतो. सुट्टी मिळाली तेव्हा कैरोला गेलो. पिरॅमिड बघितले, उंटावर बसलो, सगळे करतात ते केलं. मग एका गल्लीत एक दुकानदार भेटला. जहाजावर नोकरी करून मुंबईला राहून आलेला, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. देस का आदमी, देस का आदमी म्हणत त्यानं आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं.

खोलीत पेट्या उभ्या होत्या. माणसाच्या उंचीच्या, लाकडाच्या, मढी ठेवायच्या. पुरून हजारो वर्षं झालेली, पण रंग काल दिल्यासारखे — लाल, पिवळा, निळा. एका पेटीला कडेनं दोनच डोळे काढले होते, मोठे, काजळ घातलेले. सदूनं विचारलं, हे कशाला? दुकानदार म्हणाला, आत निजलेल्याला बाहेर बघता यावं म्हणून. उगवता सूर्य दिसावा म्हणून. आणि त्या चित्रांच्या ओळी — पक्षी, पाण्याच्या लाटा, बसलेली माणसं — ते लिहिणं होतं. काय लिहिलंय? दुकानदार म्हणाला, सगळीकडं एकच मागणं असतं. ह्याला भाकर द्या, पाणी द्या, आणि ह्याचं नाव घ्या. नाव घेणारं कुणी उरलं नाही की मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरतो, असं ते लोक मानायचे म्हणे.

सदू त्या काजळ घातलेल्या डोळ्यांपुढं जाऊन उभा राहिला.

सबंध पेटी शिपाई कुठं नेणार? म्हणून त्या दुकानदारानं काही पेट्या तोडून तुकडे केले होते. त्यातली एक फळी सदूनं उचलली. दोन हातांत मावेल एवढी. तिच्यावर एक बाई, गुडघे टेकून बसलेली, दोन्ही हातांना पंख आणि ते पसरलेले. खाली अक्षरांची एक ओळ.

"हे कुणाचं नाव?" सदूनं विचारलं.

दुकानदारानं बोट फिरवलं. कुणी बाई होती म्हणाला. घराची मालकीण, असं लिहिलंय. खरं की खोटं, अल्ला जाणे.

मी सदूला बाजूला घेतलं. "मढ्याची फळी आईला नेतूस?"

"देवी हाय की तिच्यावर," तो म्हणाला. "पंखाखाली घेऊन बसलीया. मेलेल्याला जपती ती जित्याला बी जपंल. आन घराची मालकीण म्हंजी आईच की आमची."

सदू बिडी-सिगारेट ओढत नसे. लष्कराकडून मिळालेले सिगारेटचे डबे त्यानं साठवले होते, ते सगळे देऊन त्यानं ती फळी घेतली. आपल्या बंडीत गुंडाळली आणि लॉरीत सीटमागं ठेवली. आईसाठी. हे नीट ध्यानात ठेवा — ती त्यानं आईसाठी घेतली होती.

त्या उन्हाळ्यात आमची फौज मागं हटली, आणि त्या पळापळीत सदू वाळवंटात राहिला.

'राहिला'. हा शब्द मी किती वर्षं वापरला. सोयीचा शब्द आहे. कसा राहिला, कुणी ठेवला, काहीच त्यात येत नाही. आत्ताही मी तोच वापरून पुढं चाललोय. येतो परत, पण आधी हे सांगू द्या.

सरकारनं त्याला बेपत्ता म्हटलं, आणि पुढं मेला असं धरलं. फळी माझ्याकडं राहिली. लढाई संपली, मी बारामतीला आलो, आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत तळाला टाकली. नेऊन द्यायला काय झालं होतं? कळंब काही लांब नव्हतं. पण फळी द्यायची म्हणजे म्हातारीसमोर बसायचं. ती विचारणार, आणि मग मी काय सांगायचं? म्हणून दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ करत पन्नास साल आलं.

तोवर मी लॉरीवर लागलो होतो. कळंबच्या बाजूची वांगी-मिरची, पेरू, गुळाच्या ढेपा बारामतीला आणायच्या. आणि कळंबच्या फाट्यावर तानूमावशी उभी असायची. सदूची आई. डोक्यावर पदर, हातात काहीतरी बांधलेलं. मी गाडी थांबवायचो. न थांबवून कसं चालेल?

"काय कळलं का रं, दस्तू?"

"न्हाय मावशी."

"कळंल. तिकडं तुरुंगात आसंल कुठंतरी. पल्याडच्या गावचा येक आला की माघारी. सगळ्यांनी सोडला हुता त्याला."

एवढंच. रडणं नाही, मला दोष नाही. मग हातातलं बांधलेलं माझ्या मांडीवर ठेवायची, भाजलेल्या शेंगा नाहीतर गरम भाकरी आणि ठेचा. "तू खा. वाळलास." मी वेळ बदलून बघितली. पहाटेच निघालो. ती पहाटे येऊन उभी राहायला लागली. तिला वाटलं माझ्या कामाची वेळ बदलली. मी तिला टाळतोय हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

सरकारच्या कागदाला ती जुमानत नव्हती. कागदाला काय कळतंय म्हणायची. त्यामुळं हौसा सवाशीण म्हणूनच त्या घरात राहत होती. कपाळाला कुंकू, गळ्यात डोरलं, आणि नवरा कुठं ते कुणाला ठाऊक नाही.

एक्कावन्न साल असेल. हौसाचा भाऊ ज्ञानबा सुप्याहून बारामतीला मला शोधत आला. मी लॉरी धूत होतो. तो शेजारी उकिडवा बसला.

"दस्तगीरभाई, तुमी हुता संगं," तो म्हणाला. "माझ्या भनीनं असं किती वर्सं काढायचं? सुप्यातच येक घर हाय. बिजवर हाय, पर माणूस चांगला. पाट लावून दितो म्हणतोय मी. म्हातारीनं हू म्हणाया पायजे. ती दुसऱ्या कुणाचं आयकत न्हाय. तुमचं आयकंल."

"मी काय सांगू?"

"तुमी बघितलं आसंल तेच सांगा की."

तेच सांगा. किती साधी गोष्ट मागितली त्यानं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला पटवत आलो की पुढं जे केलं ते हौसाचं भलं व्हावं म्हणून केलं. तरणीताठी पोर, तिनं का झिजावं? बरोबर आहे, भलं झालंही. पण त्या फाट्याच्या आधीचं वळण आलं की मी गाडी हळू करायचो. मला ते वळण नको होतं. ती तिथं उभी राहायला नको होती. खरं कारण हेच. दुसरं मागाहून आलं.

ट्रंक उघडली. फळी काढली. बंडी सदूची होती, ती बाजूला ठेवली — ती मात्र ट्रंकेतच राहू दिली. आणि कळंबला गेलो.

दुपार होती. मावशी ओसरीत ज्वारी पाखडत होती. हौसावैनी आत चुलीपाशी, मला तिचा पदर तेवढा दिसत होता. ज्ञानबा ओट्यावर. मी बसलो आणि बोलायला लागलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. सदूला गोळा लागला. जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही. मी स्वतःच्या हातानं त्याला माती दिली. त्या मुलखात पुरल्यावर वर अशी रंगीत फळी लावतात, त्यावर मेलेल्याचं नाव लिहितात. इतकी वर्षं सांगायचा धीर झाला नाही. ही त्याच्या थडग्याची फळी.

मावशीचं सूप थांबलं. तिनं हात लुगड्याला पुसले आणि फळी घेतली.

"ही बाई कोण?"

"त्यांच्यातली देवी हाय. मेलेल्याला पंखाखाली घेती."

"आन हे?"

"अक्षरं हायती. नाव लिवलंय."

"तुला येतं वाचाया? तुमचीच भाषा न्हवं का ती."

"येतं."

"वाच."

मी बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडं नेलं, कुराणशरीफ वाचताना नेतो तसं. पक्ष्यावरून, लाटांवरून, डोळ्यावरून. आणि वाचलं, "सदाशिव बिन केरबा, मौजे कळंब, तालुके इंदापूर."

दस्तात असतं तसं. बिन, मौजे, तालुके — हे शब्द मला आयत्या वेळी सुचले. त्यांनीच काम केलं.

"कळंबचं बी नाव लिवलंया?"

"व्हय."

"इतक्या लांब? तितं?"

"व्हय मावशी."

तिनं त्या अक्षरांवरून तळहात फिरवला, लेकराचं तोंड पुसावं तसा. मग ती फळी तिनं छातीशी धरली आणि वाकली. आवाज बारीक होता, माणसाचा वाटत नव्हता. आत बांगड्या फुटल्या. आळीतल्या बाया जमल्या. मी ओट्यावर उतरलो, ज्ञानबानं माझा हात दाबला, आणि मी निघालो.

आता हे ऐका. वाटेत मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी लागावी तशी. रस्त्याकडेच्या हॉटेलात गाडी लावली आणि पोटभर जेवलो. दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. एका आईच्या घरात मरण ठेवून आलो होतो आणि मला जेवण गोड लागलं.

वर्ष सरल्यावर हौसाचा पाट ठरला. ती सुप्याला निघाली त्या दिवशी माझी लॉरी फाट्यावर भरत होती. ज्ञानबाची बैलगाडी थांबली. हौसा उतरली आणि माझ्यापाशी आली. तोवर ती माझ्याशी कधी चार शब्द बोलली नव्हती.

"भाऊजी, येक इचारू?"

"इचारा की वैनी."

"सोताच्या हातानं माती दिली तुमी त्यास्नी?"

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. हातांकडं बघत होती. माझे हात ग्रीसनं काळे झाले होते.

"व्हय."

"मग जाते मी," ती म्हणाली. आणि गाडीत जाऊन बसली.

म्हणजे मी नाही म्हणालो असतो तर ती गेली नसती. कळतंय ना तुम्हाला? हौसासुद्धा वाट बघत होती. मला वाटलं होतं ती अडकून पडली आहे. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. सुप्यात तिचं चांगलं झालं, लेकरंबाळं झाली, नवरा खरंच भला निघाला. पण ते माझ्या बाजूनं मांडायचा मला हक्क नाही.

मावशी एकटी पडली. जमीन पुतण्या करू लागला. ती फाट्यावर येईनाशी झाली. मला हवं होतं ते झालं. आणि मग मीच तिच्या घरी जायला लागलो. ती जागा मोकळी बघून गाडी पुढं जाईना. का जायचो? माहीत नाही. मार चुकवलेलं पोर जसं मास्तराभोवती घोटाळतं, तसं काहीतरी असेल.

फळी तिनं देव्हाऱ्यात उभी केली होती. हळद-कुंकू लावलेलं. पुढं एका पितळीत चतकोर भाकरी आणि फुलपात्रात पाणी. रोज. स्वतः खायच्या आधी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उंबऱ्यावरच थांबलो. त्या दुकानदाराचं बोलणं आठवलं — ह्याला भाकर द्या, पाणी द्या. कुठल्या काळातली ती घराची मालकीण, तिनं लाकडावर लिहून मागितलेलं तिला आता मिळत होतं. कळंबात, ज्वारीची भाकरी. पण ती तिच्या नावानं नव्हती. आणि ज्याच्या नावानं होती त्याला? — त्याच्या तोंडात शेवटी काय पडलं, वाळू की पाणी, मला ठाऊक नाही.

दर खेपेला ती म्हणायची, वाच. मी वाचायचो. एकदा घाईत होतो, नुसतं "सदाशिव बिन केरबा, कळंब" म्हणालो. तिनं लगेच मान वर केली.

"मागल्या बारीला मौजे म्हणला हुतास. तालुका बी हुता."

"व्हय, हाय की. ऊन डोळ्यावर आलं."

"नीट वाच बाबा. त्याचं येवढंच हाय."

तेलाच्या आणि कुंकवाच्या हातानं ते रंग झिजत गेले. आधी देवीचं तोंड गेलं, मग पंखांचा निळा. अक्षरंही पुसट झाली. मला ती लागत नव्हतीच, मी तसाच वाचत राहिलो. ईदला ती माझ्या घरी यायची. माझी थोरली लढाईआधीची, तिच्या लग्नात आजी म्हणून मांडवात बसली. माझ्या बायकोला सांगायची, तुज्या मालकानं माझ्या लेकराला उघड्यावर न्हाय टाकलं.

उघड्यावर.

मग तिचे डोळे गेले. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. एक दिवस म्हणाली, "दस्तू, मी गेल्यावर ह्याला कोण बघणार? पुतण्या सरपणात घालंल. मला नरसिंगपूरला ने. पितरांचे दिस हायत. संगमावर सोडू त्याला."

मी लॉरीतून नेलं. शेजारच्या सीटवर बसवलं, फळी तिच्या मांडीवर. नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. पाणी गढूळ होतं आणि घाटाच्या बऱ्याच पायऱ्या बुडालेल्या. भटजींनी तिला बसवून विधी सांगितला. मी वरच्या पायरीवर जोडे काढून बसलो. भटजींनी अस्थी विचारल्या तेव्हा तिनं फळी पुढं केली. त्यांनी एकदा फळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि काही न विचारता मंत्र म्हटले. नाव घ्या म्हणाले. ती म्हणाली, "सदाशिव बिन केरबा, मौजे कळंब, तालुके इंदापूर." माझ्या तोंडचं. जसंच्या तसं. आपल्या लेकाचं नाव ती माझ्या खोट्यासकट शिकली होती.

विधी झाला. भटजी दुसऱ्या माणसांकडं गेले. तिनं मला जवळ बोलावलं.

"दस्तू, येक इचारायचं राहिलं. इतकी वर्सं धीर झाला न्हाय. शेवटाला कुणाचं नाव घेतलं त्यानं?"

मी म्हणालो, "तुझं."

आता सांगतो. इथवर फिरून फिरून आलो, आता जागा उरली नाही.

त्यानं नाव घेतलं ते माझं.

गाडी वाळूत रुतली होती. सदू खाली उतरून चाकाखाली लोखंडी पत्रे घालत होता. वरून विमान आलं. गोळ्या आल्या आणि धूळ उठली. मी स्टिअरिंगवर डोकं घालून बसलो. मान वर केली तेव्हा चाकानं पत्रा धरला होता आणि गाडी सुटत होती. मागून आवाज आला, "दस्तू, थांब." मग परत. कडेच्या आरशात तो मला दिसला. मांडी लाल झालेली, एका हातावर उठून बसलेला. दुसरा हात वर केलेला. हाडामांसाचा, जिवंत, मला हाक मारत असलेला सदू.

मी पाय दाबला.

थांबलो असतो तर गाडी परत रुतली असती, असं मी म्हणत आलो. रुतली असती का? माहीत नाही. ते विमान वळून परत आलंच नाही, हे मात्र माहीत आहे. पुढं तळावर हवालदारानं विचारलं, साथी किधर? मी म्हणालो, धुळीत चुकामूक झाली. जखमी आहे, अमुक ठिकाणी आहे, एवढं सांगितलं असतं तर मागून येणाऱ्या गाड्यांना निरोप गेला असता. कदाचित कुणी त्याला उचललाही असता. पण सांगितलं असतं तर मी सोडून आलो हेही कळलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

तो तिथंच मेला का? शत्रूनं उचलून नेला? कुठल्या दवाखान्यात, कुठल्या तुरुंगात गेला? मला ठाऊक नाही. म्हणजे तानूमावशी फाट्यावर उभी राहायची ते वेडेपण नव्हतं. तिच्या आशेला जागा होती. ती जागा होती हे अख्ख्या जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि मीच ती बुजवली. दुसऱ्याच कुणाच्या मढ्याच्या लाकडानं.

आणि फळी? ती तिच्या लेकानं तिच्यासाठी घेतलेली भेट होती. घराची मालकीण म्हणजे आमची आईच, असं म्हणून घेतलेली. हे तरी खरं सांगता आलं असतं. कुठल्याही दिवशी, कुठल्याही खेपेला. तिनं ती लेकाचं थडगं म्हणून पुजली. लेकानं आपल्याला काही आणलं होतं हे तिला कधीच कळलं नाही.

"माझं नाव घेतलं," ती स्वतःशी म्हणाली. तिचं तोंड इतकं निवळलं की मला बघवेना. मग मी तिला धरून खालच्या पायरीवर नेलं. तिनं फळी पाण्यावर ठेवली आणि हात जोडले. लाकूड ते, बुडेना. जरा पुढं जाऊन वळलं आणि घाटाच्या कोपऱ्यात, वाहून आलेल्या काटक्यांत अडकून हलत राहिलं.

"गेली का?" तिनं विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

परतताना ती गाडीत झोपली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

पुढच्याच हिवाळ्यात ती वारली. पुतण्यानं बारामतीला माणूस धाडला. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. सुप्याहून हौसा आली होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, माझ्याकडं बघून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. भावकीतली म्हातारी माणसं आपसात बोलली आणि त्यातले एक तात्या माझ्यापाशी आले.

"पुढचा खांदा तुमी द्या," ते म्हणाले. "सदू आसता तर त्यानं दिला आसता. तिचं तुमीच."

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. हौसा तिथंच होती, तिच्यासमोर सगळं सांगता आलं असतं.

मी टोपी सारखी केली, वाकलो आणि पुढचा दांडा खांद्यावर घेतला. म्हातारी अगदी हलकी होती.